ख्रिस्ती धर्म आणि विद्या

ख्रिस्ती धर्मश्रद्धेत अध्ययनाला आणि शिक्षणाला मिळालेले स्थान, ते स्थान ठरविताना झालेले वाद आणि त्यांतून उदयास आलेल्या शिक्षणसंस्था व ग्रंथपरंपरा यांचा विचार या विषयात होतो. ख्रिस्ती धर्म हा ग्रंथप्रामाण्य मानणारा धर्म आहे. तथापि त्याचा प्रवर्तक येशू ख्रिस्त याने स्वतः कोणताही ग्रंथ लिहिला नाही आणि त्याच्या आद्य शिष्यांपैकी काही गॅलिलीच्या सरोवरावर मासेमारी करणारे होते. पीटर आणि जॉन हे निरक्षर व सामान्य लोक असूनही निर्भयपणे बोलतात, याचे जेरूसलेमच्या अधिकाऱ्यांना वाटलेले आश्चर्य प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात नमूद आहे. उलट त्याच ग्रंथातील पॉल हा गमालीएल या नामांकित ज्यू आचार्याचा शिष्य होता आणि अथेन्समध्ये बोलताना त्याने ग्रीक कवीच्या वचनाचा आधार घेतला. याच पॉलने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात मात्र जगाच्या शहाणपणाला देवाने मूर्खपण ठरविल्याचे म्हटले आहे. तेव्हा श्रद्धेला विद्या हवी की विद्येने श्रद्धा मलिन होते, या प्रश्नाची दोन्ही उत्तरे नव्या करारातच सापडतात. पुढील काळातील पक्षोपपक्षांनी आपापल्या सोयीनुसार त्यांतील एकेक उचलले.

या वादाला ज्यू परंपरेची पार्श्वभूमी आहे. मुलांना नियमशास्त्र शिकविणे हे ज्यू पित्याचे धर्मकर्तव्य होते आणि सभास्थानातील उपासनेत धर्मग्रंथाच्या वाचनाला मध्यवर्ती स्थान होते. नाझरेथच्या सभास्थानात येशूने यशया संदेष्ट्याचा ग्रंथ उघडून वाचल्याचे ल्यूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. हे वाचन ख्रिस्ती उपासनेत तसेच पुढे चालू राहिले. पण नवा धर्म ज्यू समाजाबाहेर पसरू लागताच एक वेगळीच अडचण उभी राहिली. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत, नवा करार ग्रीक भाषेत आणि श्रद्धावंतांची बोली लॅटिन, सिरियाक किंवा कॉप्टिक, अशी स्थिती झाली. म्हणजे ज्या ग्रंथावर श्रद्धा ठेवायची, तो वाचण्यासाठी व्याकरण, कोश आणि भाषांतर यांची गरज होती. हे ज्ञान त्या काळी मिळे, ते मूर्तिपूजकांच्या शाळांत, होमर आणि व्हर्जिल यांच्या काव्यांच्या आधारे. ख्रिस्ती विद्याविचाराची खरी कोंडी येथे होती.

बाहेरून होणारी टीकाही याच दिशेची होती. सु. १७८ च्या सुमारास सेल्सस या ग्रीक लेखकाने ख्रिस्ती धर्माविरुद्ध ग्रंथ लिहिला. लोकर विंचरणारे, चांभार, परीट असे अडाणी लोक घराघरांतून बायकामुलांना गाठून उपदेश करतात आणि वडीलधारे किंवा शिक्षक समोर आले की गप्प बसतात, असा त्याचा आक्षेप होता. ऑरिजेनने आपल्या उत्तरात हा आक्षेप सविस्तर उद्‌धृत केल्यामुळेच तो आज आपल्याला ठाऊक आहे. सेल्ससचा मूळ ग्रंथ नष्ट झाला आहे. आक्षेपातील तुच्छता बाजूला ठेवली, तर त्यातील माहिती ख्रिस्ती धर्माला भूषणावहच म्हणावी लागेल. कारण ज्यांना तत्त्वज्ञानाच्या शाळांत प्रवेश नव्हता, त्यांना कोणीतरी काही शिकवीत होते, असा त्याचा अर्थ होतो.

कार्थेजचा टर्टलियन (सु. १६०–सु. २२०) हा विद्येविषयी साशंक असलेल्या पक्षाचा प्रमुख प्रवक्ता समजला जातो. अथेन्स आणि जेरूसलेम यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही, अशी त्याची भूमिका सर्वश्रुत आहे. मात्र त्याच्याच मूर्तिपूजेविषयीच्या निबंधात एक व्यावहारिक तडजोड आढळते, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ख्रिस्ती माणसाने शाळेत साहित्य शिकवू नये, कारण शिक्षकाला देवदेवतांच्या कथा सांगाव्या लागतात व त्यांच्या सणांत भाग घ्यावा लागतो. परंतु ख्रिस्ती मुलाने त्या शाळेत शिकण्यास हरकत नाही, कारण साक्षरतेवाचून धर्माध्ययनही शक्य नाही, असे तो म्हणतो. विद्येचा कट्टर विरोधक मानल्या गेलेल्या लेखकालाही शाळा टाळता आली नाही.

ॲलेक्झांड्रियाची परंपरा : या प्रश्नाचा अधिक उदार विचार ईजिप्तमधील ॲलेक्झांड्रिया येथे झाला. तेथील ख्रिस्ती शिक्षकांपैकी पँटीनस (दुसरे शतक) हा पूर्वी स्टोइक तत्त्वज्ञ होता. तो धर्मप्रसारार्थ भारतापर्यंत गेला होता, असे युसीबिअस या चर्चच्या इतिहासकाराने म्हटले आहे. परंतु ‘भारत’ हे नाव त्या काळी अरबस्तान व इथिओपिया यांनाही लावले जात असल्यामुळे या उल्लेखावर फार भर देता येत नाही. पँटीनसचा शिष्य क्लेमेंट (सु. १५०–सु. २१५) याने ज्यूंना जसे नियमशास्त्र तसे ग्रीकांना तत्त्वज्ञान, असा सिद्धांत मांडला. दोन्ही ख्रिस्ताकडे नेणारे शिक्षकच होत, असे त्याचे म्हणणे. तत्त्वज्ञानाचे नाव काढताच घाबरणाऱ्या श्रद्धावंतांची त्याने मुखवट्याला भिणाऱ्या मुलांशी तुलना केली आहे.

क्लेमेंटनंतरचा ऑरिजेन (सु. १८५–सु. २५४) हा या परंपरेतील सर्वांत मोठा विद्वान. सु. २०२ मध्ये त्याचे वडील लिओनिडीझ यांना धर्मासाठी देहदंड झाला व मालमत्ता जप्त झाली. तेव्हा ऑरिजेन सतरा वर्षांचाही नव्हता. आई आणि सहा धाकटे भाऊ यांचा भार त्याच्यावर पडला. व्याकरण शिकवून त्याने घर चालविले. पुढे धर्मशिक्षणाचे काम अंगावर आल्यावर त्याने आपला ग्रीक ग्रंथांचा संग्रह विकून टाकला आणि खरेदीदाराकडून रोज चार ओबोल एवढ्या अल्प रकमेवर तो निर्वाह करू लागला, असे युसीबिअस सांगतो. यानंतर त्याने ग्रीक विद्येचा त्याग केला, असे मात्र झाले नाही. पॅलेस्टाइनमधील सिझेरिया येथे त्याच्यापाशी शिकलेल्या ग्रेगरी या शिष्याने गुरूचा निरोप घेताना केलेले भाषण उपलब्ध आहे. त्यावरून तेथील अभ्यासक्रमाची कल्पना येते : आरंभी तर्कशास्त्र, मग निसर्गविज्ञान, भूमिती व ज्योतिष, त्यानंतर नीतिशास्त्र आणि शेवटी धर्मग्रंथांचे विवरण. ईश्वराचे अस्तित्व नाकारणारे लेखक सोडून सर्व पंथांच्या तत्त्वज्ञांचे ग्रंथ शिष्यांना वाचावयास दिले जात. कोणा एकाच मताला शिष्याने आधीच बांधून घेऊ नये, हा त्यामागील हेतू असल्याचे ग्रेगरी स्पष्टपणे सांगतो.

ऑरिजेनच्या पाठभेदचिकित्सेचे फळ म्हणजे हेक्साप्ला हा ग्रंथ. जुन्या कराराची हिब्रू संहिता, तिचे ग्रीक लिपीतील लिप्यंतर आणि चार ग्रीक भाषांतरे त्याने सहा स्तंभांत शेजारीशेजारी लिहविली. या प्रचंड ग्रंथाचे आता अवशेषच उरले आहेत. ऑरिजेनच्या लेखनासाठी अँब्रोझ नावाच्या धनिकाने सातांहून अधिक लघुलेखक, तितकेच नकलनवीस आणि सुलेखन शिकलेल्या मुली पुरविल्या होत्या. या मुलींची नावे कोणी नोंदविली नाहीत. ऑरिजेनच्या काही मतांना ५५३ मध्ये चर्चने पाखंड ठरविले आणि त्याचे बरेचसे मूळ ग्रीक लेखन नाहीसे झाले. ज्याच्या पद्धतीवर बायबलचे शास्त्रीय अध्ययन पुढे उभे राहिले, त्याच्याच वाट्याला हे यावे, ही गोष्ट या इतिहासातील द्वंद्वाची निदर्शक आहे.

ज्यूलियनचा आदेश : चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्माला राजाश्रय लाभल्यानंतर या प्रश्नाला अनपेक्षित कलाटणी मिळाली. सम्राट ज्यूलियन (कार. ३६१–६३) हा ख्रिस्ती वातावरणात वाढलेला, पण प्राचीन देवधर्माकडे वळलेला राजा होता. १७ जून ३६२ रोजी त्याने शिक्षकांच्या चारित्र्याची तपासणी करण्याविषयी कायदा केला आणि त्याला जोडून पाठविलेल्या पत्रात आपला आशय उघड केला. होमर व हीसिअड यांच्या देवांवर ज्याचा विश्वास नाही, त्याने त्यांचे ग्रंथ शिकविणे हा अप्रामाणिकपणा आहे. अशा शिक्षकांनी चर्चमध्ये जाऊन मॅथ्यू आणि ल्यूक यांचे विवरण करावे, असा त्याचा युक्तिवाद होता. ख्रिस्ती मुलांना शाळा बंद करण्यात आल्या नव्हत्या. पण त्या शाळांतून त्यांना जुन्या धर्माचेच शिक्षक लाभावेत, अशी ही योजना होती.

ज्यूलियनचा युक्तिवाद तर्कदृष्ट्या पोकळ नव्हता. टर्टलियनने दीडशे वर्षांपूर्वी जवळजवळ तेच सांगितले होते. तरीही ख्रिस्ती समाजाची प्रतिक्रिया तीव्र झाली आणि तिच्यावरून ग्रीक विद्या त्यांनी किती आपलीशी केली होती, ते दिसून येते. अथेन्समधील विख्यात वक्तृत्वशिक्षक प्रोहिरीसिअस याला सम्राटाने अपवाद म्हणून सूट देऊ केली असता त्याने ती नाकारून पद सोडले. रोममध्ये मारिअस व्हिक्टोरायनस यानेही अध्यापन थांबविले. अथेन्समध्ये ज्यूलियनच्याच काळी शिकलेल्या नाझिॲन्झसच्या ग्रेगरीने पुढे लिहिलेल्या भाषणात सम्राटाच्या इतर अपराधांइतकाच राग या आदेशावर काढला आहे. ग्रीक भाषा ही कोणा एका पंथाची मालमत्ता नाही, ती बोलणाऱ्या सर्वांची आहे, असे त्याचे म्हणणे. विशेष म्हणजे ज्यूलियनचा प्रशंसक आणि स्वतः ख्रिस्ती नसलेला इतिहासकार अम्मिआनस मार्सेलायनस यानेही हा आदेश कठोर ठरवून तो विस्मृतीत गाडावा, असे मत दिले आहे.

याच प्रसंगी सिरियातील अपॉलिनेरिअस नावाच्या पितापुत्रांनी एक विलक्षण उद्योग केला. होमर शिकविता येत नसेल, तर धर्मग्रंथांचेच होमर तयार करावे, असे त्यांनी ठरविले. पित्याने मोझेसचे पाच ग्रंथ वीरकाव्याच्या छंदात बसविले, तर पुत्राने शुभवर्तमानांना प्लेटोच्या संवादांचे रूप दिले. जून ३६३ मध्ये ज्यूलियन युद्धात मारला गेला व लवकरच आदेशही रद्द झाला. त्यासरशी ही रूपांतरेही लुप्त झाली. पाचव्या शतकातील इतिहासकार सॉक्रेटीस याने, हे ग्रंथ जणू लिहिलेच गेले नव्हते अशी त्यांची गत झाली, असे म्हटले आहे आणि त्याचा त्याला खेद झालेला दिसत नाही. ग्रीक विद्या ख्रिस्ताने स्वीकारली नाही, तशीच नाकारलीही नाही, असे तो लिहितो.

सेंट बॅझिल (सु. ३३०–७९) याने तरुणांना उद्देशून लिहिलेला ग्रीक साहित्याच्या उपयोगाविषयीचा छोटा निबंध याच पिढीतील होय. मधमाशी सर्वच फुलांवर बसत नाही आणि ज्यांवर बसते त्यांचेही सर्वस्व उचलून नेत नाही. वाचकाने तसे करावे, हे त्यातील सूत्र. सु. १४०० मध्ये लेओनार्दो ब्रूनी याने त्याचे लॅटिन भाषांतर केले व प्रबोधनकालीन मानवतावाद्यांना अभिजात ग्रंथांच्या अध्ययनासाठी एक साधुपुरुषाचा दाखला मिळाला.

जेरोम आणि ऑगस्टीन : लॅटिन जगात हाच प्रश्न सेंट जेरोम (सु. ३४७–४२०) याला स्वप्नात पडला. आजारी असताना आपण न्यायासनासमोर उभे असून, तू ख्रिस्ताचा नव्हे तर सिसरोचा अनुयायी आहेस, असा ठपका आपल्यावर ठेवला जात आहे, असे त्याने पाहिले आणि लौकिक ग्रंथांना पुन्हा हात न लावण्याची शपथ घेतली. ही शपथ त्याने फारशी पाळली नाही. बेथलीएममध्ये तो मुलांना व्हर्जिल शिकवितो, असा आरोप त्याचा जुना मित्र व नंतरचा प्रतिस्पर्धी रुफायनस याने केला. त्या स्वप्नाहून फलदायी ठरले ते सिरियाच्या वाळवंटातील त्याचे हिब्रूचे अध्ययन. वासनांचा निग्रह व्हावा म्हणून एका धर्मांतरित ज्यूपाशी त्याने ही भाषा शिकावयास घेतली. तिचे कंठ्य उच्चार आणि श्रम यांना कंटाळून त्याने अनेकदा अभ्यास टाकला आणि पुन्हा धरला. यातूनच जुन्या कराराचे थेट हिब्रूवरून केलेले लॅटिन भाषांतर सु. ४०५ मध्ये पूर्ण झाले. व्हल्गेट या नावाने ते पश्चिम यूरोपात हजार वर्षांहून अधिक काळ प्रमाण राहिले.

जेरोमच्या या कार्यात रोममधील काही उमराव घराण्यांतील स्त्रियांचा वाटा होता. मार्सेला त्याला पाठांविषयी नेमके व अवघड प्रश्न विचारी. पॉला (३४७–४०४) हिने बेथलीएम येथील मठांचा खर्च सोसला आणि ती व तिची मुलगी युस्टोकिअम हिब्रू शिकल्या. पॉला स्तोत्रे हिब्रूतून, लॅटिन धाटणीचा मागमूस न ठेवता म्हणत असे, असे जेरोमने लिहिले आहे. ग्रंथ स्त्रियांना अर्पण करतो म्हणून त्याची चेष्टा होई. पॉलाच्या नातीच्या शिक्षणाविषयी त्याने तिची आई लीटा हिला सु. ४०३ मध्ये पाठविलेले पत्र शिक्षणाच्या इतिहासात वाचनीय आहे. लाकडाची किंवा हस्तिदंताची अक्षरे करून ती मुलीला खेळावयास द्यावी, लिहिताना तिचा हात धरावा, सोबतिणींबरोबर तिने शिकावे, बक्षिसे द्यावी, चुकल्यास रागावू नये आणि अभ्यासाचा तिटकारा बालपणी उत्पन्न होऊ देऊ नये, असा तपशील तो देतो. या सूचनांत रोमन शिक्षणतज्ज्ञ क्विंटिलियन याचे ऋण उघड आहे. संन्यस्त जीवनासाठी वाहिलेल्या या मुलीवर त्याने घातलेली इतर बंधने मात्र आजच्या वाचकाला जाचक वाटतील.

सेंट ऑगस्टीन (३५४–४३०) हा स्वतः वक्तृत्वशास्त्राचा व्यवसायी शिक्षक होता. ३८६ मध्ये मिलान येथे त्याने ते पद सोडले. शाळेतील छड्यांच्या आणि व्हर्जिलच्या डिडोसाठी ढाळलेल्या अश्रूंच्या त्याच्या आठवणी कडवट आहेत. तरी ख्रिस्ती शिकवणुकीविषयीच्या ग्रंथात (आरंभ सु. ३९६, पूर्ती ४२६) त्याने भाषा, इतिहास, प्राणी–वनस्पतींचे ज्ञान, गणित व तर्कशास्त्र यांची धर्मग्रंथाच्या अर्थनिर्णयासाठी आवश्यकता सांगितली. ईजिप्तमधून निघालेल्या इझ्राएल लोकांनी तेथील सोने बरोबर नेले, तसे सत्य कोठेही सापडले तरी ते आपल्या धन्याचेच समजून घ्यावे, हा त्याचा दृष्टान्त मध्ययुगभर प्रमाण मानला गेला. या उदारतेची मर्यादाही त्याच दृष्टान्तात आहे. सोने घ्यावयाचे ते दुसऱ्या कामासाठी. विद्येला स्वतःचे प्रयोजन असे उरत नाही.

ही मर्यादा प्रसंगी फार महाग पडली. ४१५ मध्ये ॲलेक्झांड्रियात ख्रिस्ती जमावाने हिपेशिया या गणितज्ञ व तत्त्वज्ञ विदुषीची हत्या केली. तिचाच शिष्य सिनीशिअस हा काही वर्षांपूर्वी बिशप झाला होता आणि बिशपपदावरूनही तो तिला गुरू म्हणून पत्रे लिहीत होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटनेचे दारुणत्व अधिक जाणवते. ५२९ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या आदेशाने अथेन्समधील तत्त्वज्ञानाचे अध्यापन बंद पडले.

मठ, विद्यापीठे आणि धर्मसुधारणा : रोमन शाळा नष्ट होत असताना पश्चिमेत ग्रंथ टिकले ते मुख्यत्वे मठांमुळे. सेंट बेनेडिक्टच्या सहाव्या शतकातील नियमावलीत रोजच्या वाचनाला ठराविक तास दिले असून उपवासकाळात प्रत्येक मठवासीयाने एक ग्रंथ घेऊन तो सलग वाचावा, असे म्हटले आहे. विद्वत्तेचे ध्येय तीत कोठेही नाही. ते ठेवले कॅसिओडोरस (सु. ४८५–सु. ५८५) याने. रोममध्ये ख्रिस्ती विद्यापीठ काढण्याचा त्याचा बेत युद्धामुळे फसला, तेव्हा दक्षिण इटलीतील आपल्या जमिनीवर त्याने व्हिव्हेरियम हा मठ स्थापिला. ग्रंथांच्या नकला करणे ही तेथील उपासनाच होती. नकलनवीसांच्या हातून चुका होऊ नयेत म्हणून त्याने वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी शुद्धलेखनावर पुस्तक लिहिले. विद्येविषयीचा जुना संशय मात्र मावळला नव्हता. पोप पहिला ग्रेगरी (कार. ५९०–६०४) याने व्याकरण शिकविणाऱ्या एका बिशपची पत्राने कानउघाडणी केली. त्यानंतर दोन शतकांनी, ७८९ मध्ये, शार्लमेनने नेमके उलट फर्मान काढले : मठांत व बिशपांच्या पीठांत मुलांना वाचन शिकवावे आणि ग्रंथ नीट तपासावे, कारण अशुद्ध पुस्तकावरून केलेली प्रार्थनाही अशुद्ध होते.

बाराव्या–तेराव्या शतकांत कॅथीड्रलांच्या शाळांतून पॅरिससारखी विद्यापीठे वाढली आणि अरबी विद्वानांकडून आलेल्या ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांशी धर्मशास्त्राचा मेळ घालण्याचे कार्य सेंट टॉमस अक्वायनस (सु. १२२५–७४) याने केले. त्याच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी पॅरिसच्या बिशपने २१९ तत्त्वज्ञानविषयक विधाने निषिद्ध ठरविली, त्यांतील काही त्याच्या मतांशी जुळणारी होती. गॅलिलीओवरील १६३३ च्या खटल्याची कथा सर्वपरिचित असल्याने तिचा येथे विस्तार नको.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने प्रश्नाचे स्वरूपच बदलले. तोवर विद्या ही धर्मोपदेशकासाठी होती. आता प्रत्येक श्रद्धावंताने बायबल स्वतः वाचावे, असा आग्रह सुरू झाला. ल्यूथरने १५२४ मध्ये जर्मन नगरसभांना उद्देशून पत्रक काढून शाळा उघडण्यास सांगितले आणि मुलींनाही त्यांतून वगळले नाही. विल्यम टिंडल याने नवा करार ग्रीकवरून इंग्रजीत आणला. १५३६ मध्ये त्याला गळा आवळून मारून जाळण्यात आले. कॅथलिकांच्या बाजूने जेझुइट संघाने महाविद्यालयांचे जाळे उभारले व १५९९ मध्ये त्यांच्यासाठी एकच अभ्यासक्रम निश्चित केला. स्वीडनमध्ये १६८६ च्या चर्चविषयक कायद्याने धर्मगुरूंनी घरोघरी वाचनाची परीक्षा घेण्याची प्रथा रूढ केली. परिणामी शाळा थोड्या असूनही जवळजवळ सर्व प्रौढ स्त्रीपुरुष वाचू शकत. लिहिता मात्र पुष्कळांना येत नसे, कारण तारणासाठी लिहिण्याची गरज नव्हती.

मराठी प्रदेश : यूरोपबाहेर गेलेल्या धर्मोपदेशकांपुढे हे सर्व जुने प्रश्न पुन्हा उभे राहिले. गोव्यात १५७९ मध्ये आलेला इंग्रज जेझुइट फादर टॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) याच्या क्रिस्तपुराणाची (१६१६) प्रेरणा या दृष्टीने अभ्यसनीय आहे. धर्मांतरितांना त्यांची जुनी पुराणे वर्ज्य झाली होती. तर मग त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे, असा प्रश्न ग्रंथारंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो आणि त्याचे उत्तर म्हणून बायबलची कथा दहा हजारांहून अधिक ओव्यांत सांगितली जाते. अपॉलिनेरिअस पितापुत्रांचा उद्योग येथे नकळत पुन्हा घडला, परंतु त्याचे नशीब वेगळे ठरले. रोमन लिपीतील तीन मुद्रित आवृत्त्यांची एकही प्रत आता आढळत नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. तरी हस्तलिखितांच्या रूपाने हे काव्य ख्रिस्ती कुटुंबांतून टिकून राहिले. १९०७ मध्ये मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले.

ब्रिटिश अमलात १८१३ मध्ये मुंबईस पोहोचलेल्या अमेरिकन मराठी मिशनची दृष्टी प्रॉटेस्टंट होती : वाचता आले तरच बायबल कळणार, म्हणून शाळा. या मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा सुरू केली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन व त्याची पत्नी मार्गारेट यांनीही मुंबईत शाळा काढल्या. विद्यार्थी पुष्कळ आले, धर्मांतरे मात्र मोजकीच झाली. महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगर येथील मिस फरार यांच्या मुलींच्या शाळेने आपल्याला प्रेरणा दिल्याचे त्यांनी सांगितले आहे. ते ख्रिस्ती झाले नाहीत. याच कारणाने मिशनच्या वर्तुळात वाद माजला. अमेरिकेतील मुख्य मंडळाचे सचिव रूफस अँडरसन यांनी १८५४–५५ मध्ये भारतात येऊन पाहणी केली व शाळांपेक्षा उपदेशाला प्राधान्य द्यावे, असा निर्णय घेतला; त्यामुळे मराठी मिशनच्या इंग्रजी शिक्षणकार्याला कात्री लागली. स्कॉटिश मिशनने उच्च शिक्षणाचा मार्ग सोडला नाही. हिशेब धर्मांतरांच्या संख्येने केला तर अँडरसन बरोबर होते. महाराष्ट्रातील सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने तो हिशेब अपुरा ठरला.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्रात या इतिहासाचे बहुतेक धागे एकत्र आलेले दिसतात. पण त्यांची विद्या मिशनकडून आलेली नव्हती. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी झुगारून पत्नीला संस्कृत शिकविले आणि त्या मातेकडून ते रमाबाईंना मिळाले. १८७८ मध्ये कलकत्त्यात त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या लाभल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र चर्चचा प्रत्येक सिद्धांत मुकाट्याने मान्य करावा, ही अपेक्षा त्यांनी फेटाळली. जोगिणींच्या मठातील सिस्टर जेराल्डीन आणि अन्य धर्माधिकारी यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला असून स्वतः वाचून, स्वतः पारखून मत बनविण्याचा हक्क त्यांनी किती नेटाने जपला, हे त्यावरून स्पष्ट होते. ज्या पुरोहितशाहीतून सुटलो, तिच्या जागी दुसरी मान्य करण्यास त्या तयार नव्हत्या.

केडगाव (जि. पुणे) येथील मुक्तिसदनात परित्यक्ता, विधवा व दुष्काळग्रस्त मुली यांना त्यांनी अक्षरओळखीबरोबर हस्तव्यवसाय शिकविले. बायबलच्या प्रचलित मराठी भाषांतरातील संस्कृतप्रचुर भाषा या स्त्रियांना समजत नाही आणि तीतील कित्येक शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानातील अर्थांचे वलय चिकटलेले आहे, असे त्यांना आढळून आले. तेव्हा चाळिशी उलटल्यावर त्यांनी हिब्रू व ग्रीक या भाषांचे अध्ययन हाती घेतले आणि मूळ संहितांवरून साध्या बोलीत संपूर्ण बायबल उतरविण्याचे काम सुरू केले. संस्कृत ज्यांच्या घरची भाषा, त्या विदुषीने भाषांतरातून संस्कृत शब्द वेचून बाहेर काढावेत, हा योग विलक्षण होय. साहित्यगुणांच्या दृष्टीने हे भाषांतर काही ठिकाणी रुक्ष व ओबडधोबड झाले आहे आणि चर्चच्या उपासनेत ते रूढही झाले नाही. खिळे जुळविण्यापासून छपाई व बांधणीपर्यंतची कामे मुक्तिसदनाच्या मुद्रणालयात तेथील स्त्रियांनी केली. रमाबाईंच्या निधनानंतर १९२४ मध्ये ते संपूर्ण स्वरूपात प्रकाशित झाले.